पांगारा : कुंपणातला आणि पाखरांचा

रायगडच्या किनाऱ्यावर, मुरुडच्या आसपास, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरनंतर आभाळ कोरडे होते ते थेट पुढच्या जूनपर्यंत. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीवरचे गवत वाळलेले असते, ओढे आटू लागलेले असतात आणि पुढचा पाऊस चार-पाच महिने दूर असतो. नेमक्या याच वेळी पांगारा, काटेसावर आणि पळस ही तीन झाडे अंगावरचे पान नि पान टाकून देतात आणि फुलांनी भरून जातात. ती फुलेही साधीसुधी नव्हेत. मोठी, मांसल, लालभडक आणि पातळ मकरंदाने ओथंबलेली. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत झाडाने पाहुण्यांसाठी रसाचे पेले भरून ठेवावेत, हे कोडेच आहे.

या तिघांपैकी पांगाऱ्याचा इतिहास मला विशेष बोधप्रद वाटतो. पळस आणि सावर ही रानातली झाडे. पांगारा मात्र माणसाच्या दारात, वाडीच्या गडग्यावर, पानमळ्यात शतकानुशतके उभा आहे. तो इतका जवळचा, की त्याच्याकडे कुतूहलाने पाहण्याचे कुणाला सुचलेच नाही. त्याचे उपयोग सगळ्यांनी लिहून ठेवले. त्याच्या फुलांवर पाखरे काय करतात हे आपल्याकडे शास्त्रीय शिस्तीने लिहिले जाण्यास १९३२ साल उजाडावे लागले.

आधी नावाबद्दल. संस्कृतात याला पारिभद्र म्हणतात आणि मंदारही म्हणतात. मंदार हा अमरकोशातल्या पाच देववृक्षांपैकी एक. मराठीत मंदार म्हटले की आता बहुतेकांना रुई आठवते, त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना हमखास घोटाळा होतो. महाराष्ट्रात पांगरी, पांगारे अशी गावे जागोजाग आहेत; ती नावे बहुधा या झाडावरूनच पडली असावीत. म्हणजे झाड गावाची खूण होण्याइतके ठळक होते.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राच्या पानांवर ते आले कोचीनमार्गे. डचांचा तिथला गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. सहाव्या खंडात 'मुरिक्कू' या मल्याळी नावाखाली पांगाऱ्याचे चित्र आणि वर्णन आहे. या ग्रंथामागे इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. आपण दिलेली माहिती खरी आहे असे त्या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत लिहून दिले, आणि ते प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले गेले. वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे ही. शिवराज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झाले होते, जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांचा झगडा चालू होता, आणि किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला आपल्याच लिपीतला मजकूर ताम्रपटावर कोरून युरोपात छापायला निघाला होता.

लिनीयसने १७५४ साली या झाडाला एरिथ्रिना व्हेरिएगाटा हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'एरिथ्रॉस' म्हणजे लाल. 'व्हेरिएगाटा' म्हणजे चित्रविचित्र. हे विशेषण पानांवर फिकट पट्टे असलेल्या, बागेत लावल्या जाणाऱ्या प्रकारावरून आले. आपल्या रानातल्या पांगाऱ्याची पाने निखळ हिरवी असतात, पण त्याच्या कपाळी नाव आले ते बागेतल्या भावाचे. पुढे लामार्कने १७८६ साली दिलेले एरिथ्रिना इंडिका हे नावही दीर्घकाळ रूढ होते. जुन्या पाठ्यपुस्तकांत ते भेटते; झाड एकच.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या याद्या होऊ लागल्या. डालझेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ सालचा. कोकणाचा इतिहास लिहिणारे नेर्न यांनी १८९४ साली पश्चिम हिंदुस्थानातल्या फुलझाडांवर पुस्तक काढले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुलाबा आणि जंजिरा या दोहोंचे गॅझेटियर १८८३ साली निघाले होते. तो सारा काळ मोजदादीचा होता. झाड कुठे आढळते, पाने किती दलांची, शेंग केवढी, लाकूड कशाला चालते, एवढे नोंदले की काम संपत असे. त्या मोजदादीला कमी लेखण्याचे कारण नाही, तिच्याशिवाय पुढचे काहीच झाले नसते. पण फूल कुणासाठी उमलते हा प्रश्न त्या रकान्यांत बसत नव्हता.

आता मुरुडच्या वाड्यांकडे येऊ. मुरुड ही जंजिरा संस्थानाची राजधानी. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पण नारळ-पोफळीच्या वाड्यांची घडी त्याहून जुनी आणि संस्थानानंतरही टिकलेली. विहीर, तिच्यावर रहाट, रहाटाचे पाणी पाटाने पोफळीच्या आळ्यांत, आणि वाडीच्या कडेने कुंपण. कोकणातल्या कुंपणाला पांगारा फार सोयीचा. मनगटाएवढ्या जाडीची, पुरुषभर लांबीची फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत खोचली की ती मुळे धरते. कोवळ्या सालीवर बोथट काटे असतात, त्यामुळे गुरे अंग घासत नाहीत. कळकाच्या काठीसारखे ते कुजत नाही, उलट दरवर्षी जाडच होते. पानमळ्यात विड्याची वेल आणि मिरवेल त्याच्यावर चढवतात. शिवाय हे शिंबावर्गातले झाड आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात, म्हणून त्याचा पाला खतासारखा उपयोगी पडतो. शेतकऱ्याला नायट्रोजन माहीत नव्हता, पाल्याचा गुण माहीत होता.

लाकूड मात्र फार मऊ आणि हलके. इमारतीला निरुपयोगी, सरपणाला फारसे कामाचे नाही. पण हलकेपणाचाही उपयोग माणसाने शोधलाच. मासेमारीच्या जाळ्याला बांधायचे तरंगणारे ठोकळे, तराफे, हलक्या पेट्या यांसाठी हे लाकूड चालते. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि खेळणी पूर्वापार याच लाकडाची होत. मऊ असल्याने ते लेथवर सहज उतरते आणि रंग चांगला धरते. या हलक्या लाकडाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे, कारण सुरुवातीच्या कोड्याचे अर्धे उत्तर त्याच्यातच दडले आहे.

फुलांचे रहस्य युरोपात उलगडले ते १७९३ साली. ख्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल याने त्या वर्षी एक जाड ग्रंथ काढून दाखवून दिले, की फुलांचे रंग, खुणा आणि मकरंद हे सारे कीटकांना बोलावून त्यांच्याकरवी पराग वाहून नेण्यासाठी असते. स्प्रेंगेल हा पेशाने शाळामास्तर. फुलांच्या नादात शाळेकडे दुर्लक्ष करतो अशी त्याच्याविरुद्ध ओरड होती आणि ग्रंथ निघाल्यावर लवकरच त्याला नोकरी सोडावी लागली. (शिक्षकांनी ही गोष्ट मुख्याध्यापकांना सांगायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.) त्याच्या ग्रंथाकडे हयातीत कुणी लक्ष दिले नाही. डार्विनने त्याची थोरवी ओळखली.

पण स्प्रेंगेल काय किंवा डार्विन काय, त्यांच्या अंगणातली फुले कीटकांचीच होती. युरोपात पक्ष्यांवर अवलंबून राहणारी रानफुले जवळजवळ नाहीतच. भूमध्य समुद्राकाठच्या ॲनागायरिस फीटिडा या झुडपाचे परागीभवन पक्षी करतात असे स्पेनमधल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा ती तिथे मोठी बातमी ठरली. हे झुडूपही योगायोगाने शिंबावर्गातलेच. त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या फुलावर पक्षी दिसला, की तो कीटक टिपायला आला असेल किंवा फुलाची नासधूस करायला, असा युरोपीय निरीक्षकांचा सहज ग्रह होत असे.

डार्विनच्या १८७६ सालच्या परपरागण आणि स्वपरागण यांवरील ग्रंथात एरिथ्रिनाची छोटीशी नोंद आहे. न्यू साउथ वेल्समधल्या सर विल्यम मॅकार्थर यांनी त्याला कळवले होते, की तिथे एरिथ्रिनाची फुले आपोआप फळत नाहीत. कीटक हलवतात तशा पाकळ्या हाताने हलवल्या तरच शेंगा धरतात. डार्विनने ही नोंद कीटकांशिवाय न फळणाऱ्या झाडांच्या यादीत घातली. फुलाला बाहेरच्या मदतनिसाची गरज आहे एवढे त्यातून पक्के झाले. पण त्या प्रजातीतली फुले एवढी मोठी आणि मकरंदाने भरलेली असतात, की मदतनीस मधमाशीहून बराच मोठा असला पाहिजे ही शंका यायला हवी होती. हवे ते पाखरू लंडनजवळच्या डाऊन गावात नव्हते, एवढेच.

ते आपल्याकडे होते आणि लोकांना ठाऊकही होते. हिवाळ्यात मध्य आशियातून महाराष्ट्रात थव्यांनी येणाऱ्या भोरडीला मराठीत दुसरे नाव आहे, पळसमैना. हे नाव कुठल्या शास्त्रज्ञाने ठेवलेले नाही. पळस फुलला की ही मैना त्याच्यावर तुटून पडते, हे पाहणाऱ्या कुणीतरी ते ठेवले, आणि एका शब्दात पक्षी, झाड आणि ऋतू यांची नोंद झाली.

या नोंदीला शास्त्राची जोड मिळाली ती सलीम अली यांच्यामुळे, आणि त्याचा धागा याच किनाऱ्याशी जुळतो. जर्मनीत एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून ते १९३० साली परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. नोकरी नसलेले सलीम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबाग तालुक्यातल्या किहीमला, तिच्या कुटुंबाच्या घरी राहायला आले. त्या पावसाळ्यात तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे जे निरीक्षण केले, ते १९३१ साली मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध होऊन जगभर गाजले. सुगरणीची ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच सुमारास त्यांनी त्याच नियतकालिकात आणखी दोन निबंध लिहिले, त्यांची आठवण कमी काढली जाते. एक होता १९३१ सालचा, कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या यांचा वाटा किती, यावरचा. दुसरा १९३२ सालचा, भारतातल्या 'फूलपाखरां'वरचा. मात्र इथे फुलपाखरू म्हणजे पंखांचा कीटक नव्हे, फुलांवर चरणारे खरेखुरे पाखरू. पक्ष्यांसाठी घडलेली फुले आणि फुलांसाठी घडलेले पक्षी असा दुहेरी हिशेब त्यांनी त्यात मांडला. तोवर आपल्याकडे पक्षिशास्त्र बव्हंशी बंदुकीने मारलेल्या नमुन्यांवर चालत असे. दुर्बीण घेऊन एका झाडापाशी बसून राहणे हे संशोधन होऊ शकते, हे या निबंधांनी दाखवून दिले. माझ्या मते शाळांच्या दृष्टीने ही बाब सुगरणीच्या घरट्याहूनही मोलाची आहे.

आता फूल हाती घ्या. वाटाण्याच्या किंवा गोकर्णाच्या फुलाशी ताडून पाहिले तर फरक लगेच कळतो. वाटाण्याच्या कुळातल्या फुलाला एक मोठी ध्वजपाकळी, दोन पंख आणि खाली नावेसारखी जुळलेली पाकळ्यांची जोडी असते, आणि केसर त्या नावेत झाकलेले असतात. मधमाशी पंखांवर उतरते, तिच्या वजनाने नाव खाली दबते आणि केसर बाहेर येतात. पांगाऱ्यात ध्वजपाकळी तेवढी मोठी राहिली आहे, बाकीच्या चार आखूड झाल्या आहेत. केसर उघडे, लांब, बाहेर झुकलेले. दहा पुंकेसरांपैकी नऊ तळाशी जुळलेले, एक सुटा. मधमाशीला उतरायला पायरीच नाही. उलट फुलांचा तुरा आडव्या, जाड, मजबूत दांड्यावर येतो आणि साळुंकी, बुलबुल, कोतवाल, हळद्या यांना बसायला तो दांडा असतो. पक्षी दांड्यावर बसून चोच तळाशी घालतो, तेव्हा त्याच्या हनुवटीला आणि छातीला पराग लागतात. पुढच्या झाडावर तोच भाग स्त्रीकेसराला घासतो. फुलाला वास जवळजवळ नसतो, कारण फुले शोधताना पक्षी नाकापेक्षा डोळ्यांवर विसंबतात. लाल रंग मधमाशीला नीट दिसत नाही, पक्ष्याला लांबून दिसतो. आणि झाडावर पानेच नसल्याने तो झाकलाही जात नाही.

मकरंदातली साखर ही याहून मौजेची गोष्ट. अमेरिका खंडातही एरिथ्रिनाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची फुले हमिंगबर्डसाठी घडलेली, नळीसारखी अरुंद आहेत, कारण तो पक्षी हवेत तरंगत रस पितो, त्याला बसायला दांडा लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या हर्बर्ट आणि आयरीन बेकर या दांपत्याने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे दिसले, की हमिंगबर्डच्या फुलांतल्या मकरंदात सुक्रोज, म्हणजे आपल्या चहातली साखर, जास्त असते. तर बसून रस पिणाऱ्या पक्ष्यांच्या फुलांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करा जास्त असतात. याचे कारण पक्ष्यांच्या आतड्यात सापडले. मार्टिनेझ देल रिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले, की युरोपीय मैनेच्या आतड्यात सुक्रोज फोडणारे विकरच नसते. साळुंकी आणि भोरडी याच कुळातल्या. सुक्रोजचा घोट त्यांना पचत नाही. म्हणून अंगणात साखरेचे पाणी टांगून साळुंक्यांची सेवा करू पाहणाऱ्यांनी त्याऐवजी पांगारा लावलेला बरा. त्याने साखर आधीच फोडून ठेवलेली असते.

आणि तो हा खर्च कोरड्या ऋतूत कसा करतो? इथे हलके लाकूड येते. रोल्फ बोर्खर्ट यांनी १९८० साली कोस्टारिकातल्या एका एरिथ्रिनावर आणि १९९४ साली तिथल्या कोरड्या जंगलातल्या अनेक झाडांवर केलेले काम प्रसिद्ध केले. पानगळ आणि बहर हे नुसत्या पंचांगावर ठरत नाहीत, झाडाच्या अंगातल्या पाण्याच्या हिशेबावर ठरतात, असे त्यांतून पुढे आले. जड, टणक लाकडात पाण्याला जागा कमी. हलक्या, सच्छिद्र लाकडात मात्र खोड हीच पाण्याची टाकी. पाने म्हणजे त्या टाकीला लागलेली गळती. पाने गळली की बाष्पोत्सर्जन थांबते, खोड पुन्हा पाण्याने तुडुंब होते आणि त्या साठ्यावर फुले उमलतात. जाळ्याचा ठोकळा तरंगतो, सावंतवाडीचे लाकडी केळे हातात हलके लागते आणि फेब्रुवारीत पांगारा फुलतो, या तिन्ही गोष्टींचे मूळ एकाच लाकडात आहे.

यावरून वाडीतल्या एका तक्रारीचाही उलगडा होतो. पोफळीला बारमाही पाणी लागते. त्या पाटाच्या कडेला उभा असलेला पांगारा हिवाळ्यातही पाने धरून बसतो आणि फुलायला कुचराई करतो, तर गडग्याच्या कोरड्या अंगाचा त्याचाच भाऊ लाल होतो. शिवाय पावसाळा संपल्यावर कुंपणाची छाटणी झाली, तर फुलायच्या फांद्याच निघून जातात. म्हणजे वाडीत पांगारा पुष्कळ होता, पण फुललेला पांगारा तेवढा नव्हता. पाखरांचा पांगारा डोंगराच्या पायथ्याला, गावाच्या कडेला आणि मोकळ्या बांधावर होता.

मुरुडच्या पाठीशी फणसाडचे जंगल आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे ते शिकारीचे राखीव रान. १९८६ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. हे रान निमसदाहरित, त्यात पानझडी झाडे मिसळलेली. भीमाशंकरसारखेच इथेही शेकरू आहे, आणि पांगारा-सावरीच्या फुलांवर खारी, वानरे, पोपटही ताव मारतात. पोपट फुले कुरतडून टाकतो, तेव्हा तो परागवाहक नव्हे, चोर. असा फरक मुलांना ओळखायला शिकवता येतो. उन्हाळ्यात गाण आटत जातात, तेव्हा पक्ष्यांना या फुलांतला पातळ रस पाण्याच्या जागीही उपयोगी पडतो.

मग पांगारा मागे का पडला? एक कारण बागांच्या आवडीनिवडीत आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याजवळच्या दापुरीला, म्हणजे आजच्या दापोडीला, सरकारी वनस्पतिउद्यान होते आणि त्यातून परदेशी रोपांचा प्रसार झाला. मादागास्करच्या गुलमोहराचे शास्त्रीय वर्णन १८२९ साली झाले आणि पुढच्या शंभर वर्षांत तो आपल्या रस्त्यांवर, शाळांच्या आवारांत असा रुळला, की पुष्कळांना तो परका आहे हे सांगूनही पटत नाही. ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे भारतातल्या सुंदर वृक्षांवरचे पुस्तक १९३७ साली निघाले, त्यात देशी आणि परदेशी झाडे शेजारी शेजारी नांदतात. (हे मिलार्ड म्हणजे शाळकरी सलीम अलींना १९०८ साली पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव सांगणारे तेच गृहस्थ.) दुसरे कारण गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतले हे झाडही फांदीने लागते, पाला भरपूर देते, काटे नसतात आणि छाटणी सोसते. कुंपणाची पांगाऱ्याची जागा त्याने घेतली. त्याला सरसकट वाईट ठरवणे मला पटत नाही. फेब्रुवारीतल्या त्याच्या गुलाबी फुलांवर मोठे काळे भुंगे भरपूर असतात. पण त्याच्या फुलात साळुंकीला बसायला जागा नाही आणि भोरडीला प्यायला पेला नाही. तिसरे कारण तारेचे कुंपण आणि जांभ्या चिऱ्याची भिंत. भिंत फुलत नाही.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या वाड्यांत नारळ-पोफळी काडीसारख्या मोडल्या. पोफळ लावल्यापासून नीट फळायला पाच-सात वर्षे आणि नारळाला त्याच्या मागेपुढे, म्हणजे हा तोटा एका हंगामाचा नव्हता. वाऱ्याच्या वाटेवरचे उंच कुंपण विरळ झाल्याने वाड्या अधिक उघड्या पडल्या होत्या का, हा प्रश्न वाडीवाल्यांनी स्वतःच्या जमिनीपुरता विचारण्याजोगा आहे. पांगारा वादळात टिकतो असा दावा मी करणार नाही. त्याचे लाकूड मऊ, त्याच्या फांद्या मोडतातच. पण मोडलेली फांदी पावसात चिखलात पडली तर मुळे फोडते आणि उरलेल्या बुंध्याला धुमारे येतात. सुपारीचा शेंडा गेला की झाड गेले.

ज्या शाळांना आवारात किंवा गावच्या मोकळ्या जागेत पाखरांसाठी झाडे लावायची आहेत, त्यांनी पांगाऱ्याचा विचार करताना थोडी खबरदारी घ्यावी. फांदीने लावलेली झाडे लवकर वाढतात, पण एकाच झाडाच्या वीस फांद्या म्हणजे वीस झाडे नव्हेत. आनुवंशिकतेच्या दृष्टीने ते एकच झाड वीस जागी उभे आहे. पक्ष्याने त्यांच्यातच पराग फिरवले तर ते स्वपरागणच झाले. म्हणून निरनिराळ्या गावांतल्या चार-पाच झाडांच्या शेंगा पावसाळ्याच्या तोंडाला गोळा कराव्यात. अभयारण्यातून काहीही आणू नये, तो कायद्याने गुन्हा आहे. बांधावरची झाडे पुरेशी आहेत. बी गर्द तांबडे आणि टणक असते. त्याचे कवच डोळ्याच्या विरुद्ध बाजूला कानसेने किंचित घासून ते रात्रभर पाण्यात भिजवले की रुजते. या बियांत विषारी अल्कलॉइडे असतात, तेव्हा लहान मुलांच्या हाती मणी म्हणून देऊ नयेत. बियांचे रोप सोटमूळ खोल नेते, ते वाऱ्यालाही बरे. जागा उन्हाची, इमारतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब, कारण फांद्या ठिसूळ असतात. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे. नंतर ऑक्टोबरपासून पाणी तोडावे आणि पानगळ झाली की 'झाड वाळले' म्हणून कुणी बुंध्याशी बादल्या ओतत नाही ना, हे पाहावे.

नव्या काळातले एक संकटही ध्यानात ठेवले पाहिजे. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिने ही जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची गांधीलमाशी २००४ साली सिंगापूर, मॉरिशस आणि रियुनियन इथल्या नमुन्यांवरून प्रथम वर्णन केली गेली. मादी कोवळ्या पानात आणि देठात अंडी घालते, तिथे गाठी येतात, पाने आक्रसतात, झाड खंगते. २००५ साली ती हवाईत पोचली आणि तिथल्या बागांतले पांगारे झपाट्याने मेले. तिथला स्थानिक विलीविली वृक्षही धोक्यात आला. २००८ साली टांझानियातून आणलेली तिची शत्रू असलेली दुसरी गांधीलमाशी तिथे सोडल्यावर झाडे काहीशी सावरली. आपल्याकडे केरळात २००६ साली तिची नोंद झाली, मिरवेलीच्या आधाराच्या पांगाऱ्यांवर. म्हणून दक्षिणेकडून फांद्या आणून लावण्याचा मोह टाळावा. पानांच्या देठांवर गाठी दिसल्या तर त्या फांद्या तोडून जाळाव्यात. आणि नुसते पांगारेच न लावता जोडीला सावर, पळस लावावेत. सावरीला मात्र शिमग्यापर्यंत जपावे लागते. होळीसाठी कुठे पोफळ उभी करतात, कुठे आंबा, तर कुठे सावर, आणि ती तोडली जाते नेमकी बहराच्या दिवसांत.

नववीच्या मुलांना एक काम देता येईल. फुललेल्या पांगाऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर सकाळी सातपासून दोन तास बसायचे. कोणता पक्षी आला, कुठे बसला, चोच फुलाच्या तोंडातून घातली की बाजूने भोक पाडले, केसर त्याच्या अंगाला कुठे लागले आणि इथून उडून तो दुसऱ्या पांगाऱ्यावर गेला की त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवर, एवढेच लिहायचे. शिंजीर पुष्कळ वेळा येईल, पण त्याचे अंग केसराला लागते की तो बाजूनेच रस पळवतो, हे त्याच्या प्रत्येक भेटीला पाहावे लागेल. आठवड्याने तुऱ्यातली गळून पडलेली आणि शेंग धरलेली फुले मोजायची. पुढच्या जूनमध्ये शेंगा पिकतील, तेव्हा त्याच वहीत प्रत्येक शेंगेतल्या बियांची संख्या लिहिता येईल.